एक जूनला जन्मलेली मुले : विधिमंडळाच्या सदस्यांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : चौदा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींना शिक्षणाचा हक्क देण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

आरंभीच एक कबुली देतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३४ वर्षे शिक्षक म्हणून काम करताना मी शेकडो मुलांच्या जन्मतारखा स्वतःच्या अंदाजाने लिहिल्या आहेत. जून महिन्यात आई किंवा आजी पोराचे बखोट धरून त्याला शाळेत आणून सोडत असे. जन्म कधीचा असे विचारले, की ‘पोळ्याच्या आदल्या दिवशीचा’, ‘धाकट्या दिराच्या लग्नात पोटात होता’ अशी उत्तरे मिळत, आणि ग्रामपंचायतीत शोध घेतला तर नोंद नसे. मग मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटे कानाला टेकली, की त्याला सहा वर्षे पूर्ण झाली असे मानायचे, चालू सालातून सहा वजा करायचे आणि दाखल-खारीज रजिस्टरात १ जून ही तारीख टाकून मोकळे व्हायचे. हे एकट्या माझ्या शाळेत घडले नाही. राज्यभरातील गुरुजींनी हेच केले, म्हणून तर महाराष्ट्रात एक जूनला वाढदिवस असणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी आहे आणि दर वर्षी ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची गर्दी उडते. आपल्या सभागृहांतही अशा जन्मतारखेचे काही सदस्य नक्की असतील.

ही नोंद करताना आम्हाला ती फारशी महत्त्वाची वाटत नव्हती. ती किती वजनदार होती, हे पुढे कळले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार, एखादी व्यक्ती बालक आहे की नाही याबद्दल शंका उपस्थित झाली, तर पहिला पुरावा शाळेच्या किंवा परीक्षा मंडळाच्या दाखल्यावरील जन्मतारखेचा धरला जातो. तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला पाहतात, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी होते. म्हणजे कानाला टेकलेल्या बोटांवरून मी जे वय ठरवले, ते न्यायालयात डॉक्टरांच्या क्ष-किरण तपासणीहून वरचढ ठरते. निवृत्तीनंतर या गोष्टीचा विचार मनातून जाईना. बालपण कुठे संपते, ही रेघ इतक्या सहज ओढता येते आणि एकदा ओढली की इतकी पक्की होते, तर ती आजवर कोणी, कशासाठी आणि कोणाकरिता ओढली, हे मी वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती आले, तेच आपल्यापुढे ठेवत आहे.

आपल्याकडे मुलाच्या वयाचे जुने गणित सुभाषितात सांगितलेले आहे : पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे शिक्षा करावी आणि सोळावे लागले की मुलाशी मित्रासारखे वागावे. हे गणित मुलाचे आहे, मुलीचे नाही, आणि ज्याच्या घरी लाड करायला वेळ व साधन आहे त्याच्या घरचे आहे. तरीही त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसते, की सोळाव्या वर्षी माणूस मोठा झाला असे मानण्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. पानिपतानंतरच्या पडझडीत, १७६१ साली माधवराव पेशवेपदावर बसले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. आज त्या वयाचा मुलगा अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्यांत अडकलेला असतो आणि त्याचा पसंतीक्रमही बहुधा वडीलच भरतात. माधवरावांच्या असामान्यत्वाबद्दल वाद नाही, परंतु त्यांना त्या वयात गादीवर बसवणाऱ्या समाजाला मात्र ते वय असामान्य वाटले नव्हते. कुमार, किशोर, पोरसवदा हे शब्द आपल्या भाषेत आहेत, पण ‘किशोरवय’ नावाचा, घरच्या जबाबदारीतून मुक्त असलेला, शिकण्यासाठी राखून ठेवलेला काळ मात्र बहुतेक घरांत नव्हता. मुलाचा बाप्या होई आणि मुलगी न्हातीधुती झाली की सासरी जाई.

या रेघेवर आपल्या प्रांतात पहिला मोठा वाद झाला तो १८९१ साली, आणि तो मी आपल्याला थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण तो अजून संपलेला नाही असे माझे मत आहे. १८६० च्या दंडसंहितेने संमतिवय, म्हणजे ज्या वयाखालच्या मुलीशी पतीनेही संबंध ठेवणे गुन्हा ठरते ते वय, दहा वर्षे ठरवले होते. मुंबईचे पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून चालवलेला प्रचार, आणि कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांच्या फुलमणीचा पतीच्या बळजबरीने झालेला मृत्यू, यांमुळे ते बारा करण्याचे विधेयक आले. पुण्यात त्यावरून जे रण माजले ते शालेय इतिहासातही थोडेफार येते. लोकमान्य टिळकांचा विरोध परक्या सरकारने आपल्या धर्माचारात हात घालण्याला होता, आणि सुधारकांनी आधी स्वतःच्या घरी मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी न करण्याची प्रतिज्ञा करावी, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तर शास्त्रग्रंथच उघडून दाखवले, की गर्भाधान संस्कार, म्हणजे पतिपत्नींच्या पहिल्या समागमाचा विधी, प्रथम ऋतुदर्शनालाच (पहिली पाळी येताच) झाला पाहिजे असे बंधन नाही. विद्वत्तेची इतकी शिकस्त झाली, आणि ती सगळी कशासाठी, तर दहा की बारा.

त्या वादाच्या आधीच एका मुलीने वेगळा प्रश्न विचारून ठेवला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी पतीच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. पती दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ चा पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायालयाने सासरी जा किंवा सहा महिने तुरुंगात जा असा पर्याय ठेवला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. ही हकिगत बहुतेकांना माहीत असते. परंतु खटला चालू असताना ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांतील मुख्य तक्रार काय होती इकडे फारसे लक्ष जात नाही. बालविवाहाने आपले शिक्षण तोडले, ही ती तक्रार होती. संमतीचे वय दहा असावे की बारा, यावर पुण्या-मुंबईचे पुरुष भांडत होते. ज्या मुलीवर तो प्रसंग गुदरला होता, ती मात्र पुस्तकाबद्दल बोलत होती.

आता याच सालची दुसरी गोष्ट. १८९१ सालचा दहावा कायदा हा संमतिवयाचा, आणि त्याच सालचा अकरावा कायदा हा कारखान्यांचा. एकाने मुलीचे वय बारा ठरवले. दुसऱ्याने कापडगिरणीत कामाला लावायच्या मुलाचे किमान वय सातावरून नऊ केले, आणि नऊ ते चौदा वयाच्या मुलांना दिवसाला सात तासांपेक्षा जास्त राबवू नये असे सांगितले. त्याआधीचा, १८८१ चा कायदा सात वर्षांच्या मुलाला नऊ तास कामावर ठेवू देत होता. संमतिवयावर सभा झाल्या, अग्रलेख झाले, शास्त्रार्थ झाला. गिरणीतल्या नऊ वर्षांच्या पोराचे बालपण संपले की नाही, यावर मात्र पुण्यात कोणी धर्मग्रंथ उघडले नाहीत, कारण ते पोर कोणाच्या घरचे आहे हे सर्वांना ठाऊक होते. पुढे १९२२ मध्ये किमान वय बारा झाले. १९३४ च्या कारखाना कायद्यात पंधरा ते सतरा वयाच्या मुलांचा वेगळा वर्ग प्रथमच आला. तो वर्ग कशासाठी, तर डॉक्टरने प्रकृती धडधाकट असल्याचा दाखला दिला तर त्याला मोठ्या माणसाचे काम देता यावे, आणि न दिला तर त्याला मूल समजावे. आपल्या कायद्यात ‘किशोर’ अवतरला तो असा, गिरणीच्या दारात, डॉक्टरपुढे छाती फुगवून उभा राहिलेला.

वयाची रेघ शाळेच्या बाजूने ओढू पाहणारेही त्या काळात होते, आणि महाराष्ट्राने त्यांचा अभिमान बाळगावा असेच ते आहेत. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात सक्ती लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी विधेयक मांडले. त्यातल्या अटी इतक्या सौम्य होत्या, की आज वाचताना कोणाची हरकत असेल असे वाटत नाही, तरीही १९१२ मध्ये ते बहुमताने फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया शेतमजुराला चांगलाच जाणवणारा होता. पण महाराजांनी दंडाआधी शाळा काढल्या आणि वसतिगृहे बांधली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

क्रम उलटा केला तर काय होते, याचे उदाहरण शारदा कायद्याचे आहे. १९२९ च्या त्या कायद्याने विवाहाचे वय मुलीला चौदा व मुलाला अठरा केले, पण तो १ एप्रिल १९३० पासून लागू व्हायचा होता. मधल्या महिन्यांत देशभर कोवळ्या मुलांची लग्ने घाईघाईने उरकली गेली, आणि १९३१ च्या जनगणनेत विवाहित मुलींची संख्या कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. कायदा आकडा बदलू शकतो. घरातल्या माणसांना त्या मुलीचे पुढे काय करायचे हे सुचत नसेल, तर ती आकड्याच्या आधीच तिला उजवून मोकळी होतात.

आता आजच्या गणिताकडे येतो. आपल्या राज्यात आज एखादे मूल कधी मोठे होते? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चौदाव्या वर्षी. संविधानाने मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी आणि कारखान्यातील बंदीसाठी हाच आकडा धरला होता, आणि प्रजासत्ताकाच्या पहिल्या दहा वर्षांत पूर्ण करायचे ते शिक्षणाचे काम १ एप्रिल २०१० रोजी कायद्याने सुरू झाले. बालमजुरी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलाला कायदा ‘किशोर’ म्हणतो आणि धोकादायक धंदे वगळता त्याला कामावर ठेवायला मनाई करत नाही. लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्यासाठी मात्र तो अठरापर्यंत बालक आहे. बाल न्याय कायद्यात १९८६ मध्ये मुलगा सोळापर्यंत व मुलगी अठरापर्यंत बालक होती, २००० मध्ये दोघेही अठरापर्यंत झाले, आणि २०१५ पासून घृणास्पद गुन्हा असेल तर सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढांप्रमाणे न्यायालयापुढे उभे करता येते. मताचा अधिकार अठराला, मुलाचे लग्न एकविसाला, कडक दारूचा परवाना पंचविसाला. आणि स्पर्धा परीक्षांच्या वयोमर्यादेमुळे पुण्याच्या पेठांतील अभ्यासिकांमध्ये अडतीस वर्षांचा गृहस्थही स्वतःला विद्यार्थी म्हणवतो, यात त्याचा दोष नाही.

निरनिराळ्या कामांना निरनिराळी वये असणे गैर नाही. मत देण्याची समज आणि संसार चालवण्याची ऐपत एकाच दिवशी येते असे कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात मोटारीच्या धडकेत दोन तरुण मृत्युमुखी पडले, चालक सतरा वर्षांचा असल्याचे समोर आले आणि जामिनाबरोबर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट आली, तेव्हा संतापलेल्या महाराष्ट्राने एका रात्रीत निर्णय दिला, की सतरा वर्षांचा मुलगा हा मुलगा नसतोच. तो संताप मला समजतो. पण तोच महाराष्ट्र, सतरा वर्षांची मुलगी आपल्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली, की तिला काय कळते, ती लहान आहे, असे म्हणत पोलीस ठाण्यात जातो. आणि तिच्याच वयाची, आईवडिलांबरोबर फडात उसाच्या मोळ्या बांधणारी मुलगी दिसली, तर ती लहान की मोठी हा प्रश्नच त्याला पडत नाही. वय एकच. राग आला की ते प्रौढ ठरते, अब्रूचा प्रश्न आला की बालिश ठरते, आणि मजुरीचा प्रश्न आला की दिसेनासे होते.

मी ज्या भागात शिकवले तिथे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गावे रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम कोयत्यावर उचल (आगाऊ रक्कम) देतो, आणि जोडपे पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जाते ते उन्हाळ्यातच परतते. म्हाताऱ्यांकडे ठेवलेल्या लहान मुलांसाठी आम्ही हंगामी वसतिगृहे चालवली. सारे आलबेल होते असे म्हणणार नाही, पण मुले शाळेत टिकत. अडचण येई ती आठवीनंतर. आठवीपर्यंत कायदा मुलीच्या पाठीशी असतो. नववीपासून शाळा दुसऱ्या गावी, आईवडील फडात आणि आजी आंधळी, अशा स्थितीत चौदा वर्षांच्या मुलीला एकटी कुठे ठेवायची, हा प्रश्न तिच्या बापाने मला अनेकदा, अगदी शांतपणे विचारलेला आहे. त्याच्यापुढे दोनच वाटा असत. एक तिला फडात नेण्याची, दुसरी तिचे लग्न लावून देण्याची. दुसऱ्या वाटेने एक नवा कोयता तयार होई आणि नवी उचल मिळे, हे सांगायला नको.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, आणि परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. हे प्रमाण पाहून मुलीच्या लग्नाचे वय एकवीस करावे असे काहींना वाटते. त्यासाठी २०२१ मध्ये संसदेत विधेयकही आले होते आणि ते लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. अठराचा आकडा १९७८ पासून कायद्यात आहे. तो जिथे पाळला जात नाही तिथे एकवीस पाळला जाईल असे मानणे, म्हणजे १८९१ चाच वाद नव्या आकड्यांनी पुन्हा खेळणे आहे.

मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, एसटीचा पास मोफत आहे, याची मला जाणीव आहे, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही २०२१ मध्ये आली. परंतु सवलत आणि हक्क यांत अंतर असते. सवलत मागणाऱ्याने कचेरीत यायचे असते. हक्क असेल तर चौदा वर्षांच्या मुलीने शाळेत येणे बंद केल्यावर कोणाला तरी तिच्या दारात जावे लागते, आणि का आली नाही याचे उत्तर लेखी द्यावे लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते अठरा वयाचा उल्लेख आहे, पण धोरणाच्या आधारे कोणा बापाला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की शिक्षण हा समवर्ती सूचीतला विषय असल्याने आपण राज्याच्या पातळीवर कायदा करून मोफत शिक्षणाचा हक्क अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत न्यावा. नववी ते बारावीची शाळा जिथे रोजच्या जाण्यायेण्याच्या टप्प्यात नाही, तिथे वसतिगृहातील जागा हा त्या हक्काचाच भाग धरावा. पालकाला दंड करण्याचा विचार मनात आला, तर आधी कोल्हापूरच्या वसतिगृहांची आठवण ठेवावी. आणि दर अधिवेशनात वयाचा एखादा आकडा बदलण्याची सूचना येईल तेव्हा, त्या वयाचे मूल सकाळी अकरा वाजता कुठे असते, एवढा एक प्रश्न सूचना मांडणाऱ्याला विचारावा.

एक छोटी गोष्ट आपण लगेच, कायद्यावाचूनही करू शकता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. गावची शाळा आठवीला संपली, की त्या रकान्यात आम्ही सगळ्यांच्याच दाखल्यावर ‘पुढील शिक्षणासाठी’ असे लिहितो. जी मुलगी पुढे शिकायला गेली तिच्या दाखल्यावर तेच, आणि जिचा साखरपुडा झाल्याचे मला माहीत होते तिच्याही दाखल्यावर तेच. जन्मतारखेइतकीच ती नोंदही मी अंदाजाने केली, आणि या वेळी तर अंदाज चुकीचा आहे हे ठाऊक असताना केली. आपल्या मतदारसंघातील आठवीपर्यंतच्या शाळांची गेल्या पाच वर्षांची रजिस्टरे मागवावीत, ‘पुढील शिक्षणासाठी’ गेलेल्या मुलांची नावे काढावीत, आणि त्यांपैकी किती जण नववीच्या हजेरीपटावर आहेत ते ताडून पाहावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
(जन्मतारीख : १ जून)